चुना मारला म्हणजे तपासणी झाली का?

साथींनो,

तपासणी म्हणजे काय, हे रेल्वे कामगाराला कुणी शिकवायला नको. जनरल मॅनेजरची वार्षिक तपासणी जाहीर झाली की आठ दिवस आधी स्टेशनच्या भिंतींना चुना लागतो, कुंड्या येतात, फायली रांगेत लागतात, बंद नळाला पाणी येते. साहेब येतात, हार घेतात, रजिस्टरवर सही करतात, फोटो निघतो. दुसऱ्या दिवशी कुंड्या परत जातात. पोस्टातल्या बंधूंनाही इन्स्पेक्शनच्या आदल्या रात्री रजिस्टरे कशी पुरी होतात हे चांगले ठाऊक आहे.

पण आपल्याच खात्यात दुसऱ्या जातीची तपासणीही आहे. इथे के. आर. पुरमच्या लोको शेडमध्ये इंजिनाला नुसता रंग दिला म्हणून ते कुणी फिट म्हणत नाही. झाकणे उघडावी लागतात, मापे घ्यावी लागतात, डिझेल इंजिन लोड बॉक्सवर लावून त्याचा दम पाहावा लागतो. इथे कागद खोटा निघाला तर गाडी घाटात उभी राहते. पहिल्या तपासणीने साहेब खूश होतो, दुसरीने माणसे जिवंत राहतात.

आज मला लिहायचे आहे ते मुलांच्या सुरक्षेबद्दल. शाळा, वसतिगृहे, बालगृहे, रेल्वे स्टेशने, वसाहतीतल्या बालवाड्या, सुट्टीतली शिबिरे, जिथे जिथे लहान मुले मोठ्यांच्या हवाली असतात, तिथे ती सुरक्षित आहेत की नाहीत हे पाहण्याची आपल्याकडची रीत अजून चुना मारण्याच्याच जातीची आहे. ती बदलली पाहिजे. आणि कामगार संघटनेने त्यासाठी नुसता मागणीचा ठराव करून भागणार नाही. तिने आपले घर आधी उघडून दाखवले पाहिजे.

हा युनियनचा विषय आहे का?

काही साथी म्हणतील, सचिवांना दुसरे काम उरले नाही काय? आठवा वेतन आयोग आहे, जुन्या पेन्शनची लढाई आहे, रिकाम्या जागा आहेत, ठेकेदारी आहे. त्यात हे मुलांचे कुठून आणले? त्यासाठी सरकार आहे, पोलीस आहेत, समाजसेवी संस्था आहेत.

मी उलट विचारतो, रात्री दोन वाजता प्लॅटफॉर्मवर कोण असते? समाजसेवी संस्थेचे कार्यालय तेव्हा बंद असते. तिथे असतो आपला पॉइंट्समन, आपला तिकीट तपासनीस, हमाल, सफाईवाला, गाडीत चादरी देणारा पोरगा, आणि टपालाच्या थैल्या चढवणारा आर.एम.एस.चा भाऊ. के. आर. पुरम हे बंगळूरचे पूर्वेकडचे तोंड आहे. जोलारपेट्टईच्या बाजूने शहरात शिरणाऱ्या अनेक गाड्या आधी इथे थांबतात. ओडिशा, बंगाल, बिहार, आसामची माणसे पोटासाठी इथे उतरतात आणि व्हाईटफिल्ड, महादेवपुराकडच्या बांधकामांवर पांगतात. ऑक्टोबर २०२३ पासून मेट्रोही इथून पुढे जोडली गेली, गर्दी आणखी वाढली. या गर्दीतले मूल एकटे आहे की कुणाबरोबर आहे, बरोबरचा माणूस मामा आहे की मुकादम, हे ओळखणारा पहिला डोळा कामगाराचा आहे. साहेबाचा नाही.

आणि पोस्टमन? गावातल्या आणि गल्लीतल्या प्रत्येक दारावर जाणारा सरकारचा असा दुसरा माणूस नाही. कुठल्या घरात दहा वर्षांची पोर भांडी घासते आहे, कुठल्या कारखान्याच्या फाटकामागे मुलांचे आवाज येतात, हे त्याला दिसते. तेव्हा हा विषय आपला आहेच. तो आपल्यावर बाहेरून लादलेला नाही, आपल्या ड्यूटीच्या जागेवरच तो उभा आहे.

आकडा मोठा, पण त्याने काय कळते?

रेल्वे मंत्रालयाने दिलेले आकडे असे आहेत. 'नन्हे फरिश्ते' या मोहिमेत रेल्वे सुरक्षा दलाने २०१८ ते मे २०२४ या काळात ८४,११९ मुले स्टेशनांवरून आणि गाड्यांतून सोडवली. २०१८ मध्ये १७,११२, २०१९ मध्ये १५,९३२, २०२० मध्ये ५,०११, २०२१ मध्ये ११,९०७, २०२२ मध्ये १७,७५६, २०२३ मध्ये ११,७९४, आणि २०२४ च्या पहिल्या पाच महिन्यांत ४,६०७. ज्या जवानांनी हे काम केले त्यांना सलाम. एकेक मूल वाचवणे ही लहान गोष्ट नाही.

पण हिशेब विचारणे हा युनियनचा धर्म आहे, म्हणून विचारतो. २०२० चा आकडा पडला कारण गाड्याच बंद होत्या, हे समजते. २०२२ मध्ये पावणेअठरा हजार आणि २०२३ मध्ये पावणेबारा हजार, म्हणजे एका वर्षात सहा हजार मुले कमी झाली. ही आनंदाची बातमी की चिंतेची? मुले घरातून पळणे कमी झाले, की आपण बघणे कमी केले? नुसत्या आकड्याने याचे उत्तर मिळत नाही. सोडवलेल्या मुलांपैकी किती घरी टिकली, किती सहा महिन्यांत दुसऱ्या स्टेशनवर परत सापडली, किती बालगृहातून पळाली, ते या आकड्यात नाही. मालगाडीने किती डबे भरले एवढेच सांगायचे आणि किती पोहोचले ते सांगायचे नाही, असा हिशेब कुठला स्टेशन मास्तर मान्य करील?

नियम नाहीत अशी तक्रार कुणी करू नये. दिल्ली उच्च न्यायालयात प्रकरण गेल्यानंतर २०१५ साली रेल्वे मंत्रालयाने स्टेशनवर सापडणाऱ्या मुलांसाठी कार्यपद्धती काढली, पुढे ती सुधारली. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे असे मूल प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे गेले पाहिजे. घरच्यांपासून तुटलेले मूल दिसले आणि कळवले नाही तर तो गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड. १०९८ हा नंबर १९९६ साली मुंबईत, देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झाला आणि देशभर गेला. २०२३ पासून तो राज्य सरकारांच्या हाती देऊन ११२ शी जोडण्यात आला. बंगळूरात बॉस्को ही संस्था १९८० पासून रस्त्यावरच्या आणि स्टेशनवरच्या मुलांत काम करते आहे. म्हणजे कायदा आहे, कार्यपद्धती आहे, नंबर आहे, माणसेही आहेत.

मंत्रालय म्हणते, १३५ हून अधिक स्टेशनांवर बाल मदत कक्ष आहेत. चांगले आहे. पण देशात सात हजारांवर स्टेशने आहेत. बाकीच्या स्टेशनांवर मूल सापडले तर त्या रात्री ते कुठे झोपते, हे कुणी जाऊन पाहिले आहे काय? ती कार्यपद्धती किती पॉइंट्समननी, किती हमालांनी, किती ठेकेदारी सफाईवाल्यांनी आपल्या भाषेत वाचली आहे? परिपत्रक निघाले, पोच आली, फाईल बंद झाली. याला आम्ही तपासणी मानत नाही.

मुझफ्फरपूरने काय शिकवले

नुसत्या भेटी आणि रजिस्टरे यांच्या भरवशावर राहिले तर काय होते, याचे उदाहरण बिहारमधले आहे, पण ते उघडे करणारी माणसे आपल्या मुंबईच्या संस्थेची होती.

कायदा सांगतो की प्रत्येक बालगृहाची जिल्ह्याच्या समितीने निदान तीन महिन्यांतून एकदा पाहणी करावी, तिच्यात एक तरी महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी असावा. मुझफ्फरपूरच्या मुलींच्या निवारागृहातही अधिकारी येत-जात होते. तरी आत चाललेले बाहेर येत नव्हते. मग बिहार सरकारने राज्यातल्या ११० संस्थांचे सामाजिक परीक्षण टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'कोशिश' या गटाला दिले. हे लोक गेले ते रजिस्टर बघायला नव्हे. संस्थेच्या माणसांना बाजूला ठेवून ते मुलांशी बोलले. मुलांनी सांगितले ते लिहून घेतले. २०१८ साली अहवाल सरकारला गेला, आणि जे बाहेर आले त्याने देश हादरला. तीसहून अधिक मुलींवर अत्याचार झाल्याचे दिसले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने बिहारमधल्या १७ निवारागृहांचा तपास सीबीआयकडे नेला. जानेवारी २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने मुझफ्फरपूर प्रकरणात १९ जणांना दोषी ठरवले.

त्या १९ जणांत कोण होते हे वाचून ठेवा. त्यात जिल्ह्याचा बाल संरक्षण अधिकारी होता. बाल कल्याण समितीवर बसलेली माणसे होती. ज्यांनी तपासायचे, तेच आरोपीच्या पिंजऱ्यात! कुंपणानेच शेत खाल्ले म्हणतात ते हेच.

यातून तीन धडे निघतात. पहिला, जो चालवतो त्याने स्वतःची तपासणी केली तर ती पुरी होत नाही, बाहेरचा डोळा लागतो. दुसरा, कागदाला नव्हे, ज्याच्यासाठी संस्था आहे त्या मुलाला विचारावे लागते, आणि ते संस्थेच्या माणसाच्या गैरहजेरीत. तिसरा, अहवाल आल्यावर तो दडपायचा नाही, त्यावर काम करायचे. यातला एक धडा गाळला तरी बाकीचे दोन फुकट जातात.

मुझफ्फरपूर एकटे आहे असे समजून कुणी हात झटकू नये. नंतर राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने देशभरातल्या सात हजारांवर बालगृहांचे परीक्षण केले, तेव्हा सुमारे ४० टक्के ठिकाणी मुलांना मारहाण व छळ यांपासून वाचवण्याचे पुरेसे उपाय नव्हते.

बाहेरच्या डोळ्याची गोष्ट रेल्वेला नवी नाही. अपघात झाला की चौकशी कोण करते? रेल्वे सुरक्षा आयुक्त. आणि ते कुणाच्या खात्यात असतात? रेल्वेच्या नाही, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या! १९४१ साली हे तपासनीस रेल्वे बोर्डाच्या हाताखालून काढून त्या वेळच्या पोस्ट व हवाई खात्याकडे दिले गेले. का दिले? गाडी चालवणारा आणि गाडी पडली म्हणून चौकशी करणारा एकच असू नये, म्हणून. इंग्रजाच्या राज्यात रुळांसाठी जे शहाणपण सुचले, ते ऐंशी वर्षांनंतरही मुलांसाठी आपल्या संस्थांना सुचू नये?

बंगळूर २०१४, बदलापूर २०२४

जुलै २०१४ मध्ये इथे बंगळूरला, के. आर. पुरमहून रिंग रोडने थोड्याच अंतरावर असलेल्या मराठहळ्ळी भागातल्या एका खाजगी शाळेत सहा वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. पालक रस्त्यावर आले. शहर पोलिसांनी शाळांना नियम घालून दिले. २०१६ मध्ये कर्नाटक सरकारने बाल संरक्षण धोरण काढले.

दहा वर्षांनी, ऑगस्ट २०२४ मध्ये, बदलापूरच्या एका शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाला. आरोपी शाळेत ठेकेदारामार्फत लागलेला सफाई कामगार होता. तक्रार नोंदवून घेण्यात दिरंगाई झाली, पालकांना ताटकळावे लागले. २० ऑगस्टला लोक बदलापूर स्टेशनच्या रुळांवर उतरले आणि कित्येक तास लोकल बंद राहिल्या. मध्य रेल्वेच्या आपल्या साथींना तो दिवस आठवत असेल. मोटरमन, गार्ड, स्टेशन मास्तर सगळे दिवसभर त्यात अडकले होते. मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली, समिती नेमली. शासनाने कॅमेरे, पडताळणी, तक्रार पेट्या, समित्या यांचे आदेश काढले.

दोन्ही ठिकाणी क्रम एकच आहे. आधी पोर भरडली जाते, मग लोक रस्त्यावर, मग आदेश, मग शांतता. आदेशानंतर दोन वर्षांनी कुणी परत जाऊन पाहते का, की ती समिती बसते का, पेटी उघडते का, मुलांना ती पेटी कुठे आहे हे ठाऊक आहे का? सुधारणा ही एकदा करून टाकायची गोष्ट नव्हे. रूळ एकदा टाकला म्हणून गँगमनची गस्त बंद करतो का आपण? रोज चालावे लागते, चावी ढिली दिसली तर ठोकावी लागते.

कॅमेरा आणि पडताळणी

प्रशासनाला दोन औषधे फार आवडतात. एक कॅमेरा, दुसरे पोलीस पडताळणी. दोन्ही हवीत, मी विरोध करत नाही. पण दोन्हींची मर्यादा ओळखा.

कॅमेरा घडून गेलेले दाखवतो. तोही चालू असला तर, आणि कुणी बघत असले तर. घाबरलेल्या मुलाच्या पोटातली भीती कॅमेऱ्याला दिसत नाही. ती दिसते रोज भेटणाऱ्या माणसाला. कॅमेऱ्याला पैसे आहेत आणि माणूस ठेवायला नाहीत, हे धोरण आम्हाला मान्य नाही.

पडताळणीचेही तसेच. २०२० च्या पॉक्सो नियमांप्रमाणे मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थांनी प्रत्येक कर्मचाऱ्याची पडताळणी वेळोवेळी करायची आहे. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. पण प्रत्यक्षात काय होते? सफाईवाला, शिपाई, बसचा क्लीनर यांची कागदपत्रे मागतात, आणि विश्वस्त, मुख्याध्यापक, प्रशिक्षक, देणगीदार यांना नमस्कार करतात. मुझफ्फरपूरच्या निवारागृहाचा मालक सफाई कामगार नव्हता. तो प्रतिष्ठित माणूस होता, त्याचे वर्तमानपत्र होते. गरीब तेवढा संशयित आणि पांढरपेशा तेवढा सज्जन, ही समजूत मुलांच्या जिवावर उठते. पडताळणी वरपासून खालपर्यंत झाली पाहिजे.

आणि ठेकेदारीचे काय? आज आलेला माणूस उद्या दुसरीकडे, त्याचे नाव मुख्य मालकाच्या वहीत नाही, त्याला कुणी ओळखत नाही, त्याला कुणी काही शिकवत नाही. त्या माणसाला जन्मजात गुन्हेगार म्हणायचे नाही. पण माणसाला नाव-गाव नसलेला हात बनवणारी ही पद्धत मुलांसाठीही धोक्याची आहे. मुलांच्या जागी कायम, ओळखीची, प्रशिक्षित माणसे ठेवा ही मागणी आपण पोटासाठी करतो, ती मुलांसाठीही तितकीच खरी आहे.

आता आपले घर

दुसऱ्याच्या घरात वाकून बघणे सोपे असते. आता आपल्याकडे या.

रेल्वे वसाहतीत इन्स्टिट्यूट आहे, तिथे पोरे कॅरम, बॅडमिंटन खेळतात. महिला कल्याण संघटनांच्या बालवाड्या आहेत. स्टाफ बेनिफिट फंडातून मुलांची शिबिरे निघतात, चार-आठ दिवस पोरे परक्या माणसांबरोबर राहतात. स्काउट-गाइड आहेत. रेल्वेच्या शाळा आहेत. युनियनच्या शाखाही मुलांसाठी सहली, स्पर्धा, शिकवण्या घेतात. या सगळ्या ठिकाणी मुलांना सांभाळणारा कोण, त्याची चौकशी केली होती का, तक्रार कुणाकडे करायची हे मुलांना सांगितले होते का, असे विचारले तर किती शाखांकडे लेखी उत्तर आहे? 'आपलीच माणसे आहेत हो' हे उत्तर नव्हे. अत्याचार करणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो.

सर्वात अवघड गोष्ट आता लिहितो. सभासदावर आरोप आला की युनियन त्याच्या मागे उभी राहते. एसएफ-५ हाती पडली की तो आधी आपल्या कार्यालयात येतो. त्याला डिफेन्स हेल्पर देणे, नियमाप्रमाणे चौकशी होते की नाही ते पाहणे, हे आपले काम आहे आणि ते मुलाविरुद्धच्या गुन्ह्याचा आरोप असला तरी राहील. आरोप सिद्ध होईपर्यंत माणूस दोषी नाही. पण बचाव देणे वेगळे आणि प्रकरण दाबणे वेगळे. मुलाच्या आईबापांकडे जाऊन 'घरातली गोष्ट घरात मिटवा, माणसाची नोकरी जाईल' असे सांगणे हा बचाव नव्हे, तो गुन्ह्यात हातभार आहे. पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्याला ठाऊक आहे, त्याने कळवलेच पाहिजे. सचिव असो, अध्यक्ष असो, साहेब असो. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. युनियनचा शिक्का त्यातून कुणाला सोडवत नाही.

आणि बदली! आपल्या खात्यातला आवडता इलाज. बोभाटा झाला की माणसाला दुसऱ्या डिव्हिजनला पाठवायचे. ऑस्ट्रेलियात २०१३ साली या विषयावर शाही आयोग बसला. पाच वर्षांत आठ हजारांवर पीडितांना त्याने एकांतात ऐकून घेतले आणि डिसेंबर २०१७ च्या अंतिम अहवालापर्यंत ४०९ शिफारशी केल्या. चर्च, शाळा, वसतिगृहे, खेळाचे क्लब सगळे त्यात आले. तिथेही हेच निघाले की संस्थांनी नाव राखण्यासाठी आरोपींना या गावातून त्या गावात हलवले आणि पुढच्या गावची मुले बळी पडली. अशी बदली म्हणजे गुन्हेगाराला शिक्षा नव्हे, दुसऱ्या गावच्या मुलांना शिक्षा. त्या आयोगाने मुलांच्या सुरक्षेची दहा मानके दिली. त्यातले एक हेच आहे की संस्थेने आपली पद्धत ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा तपासावी आणि सुधारावी.

कामगार का बोलत नाही?

आपला माणूस वाईट नाही. मग मूल संकटात दिसूनही तो पुढे का जात नाही? कारण त्याला लफड्याची भीती आहे. कळवले की जबाब, जबाबानंतर कोर्टाच्या तारखा, तारखेला रजा मागायची, रजा नाकारली तर गैरहजेरी. वर साहेब विचारणार, तुझी ड्यूटी काय होती, तू तिकडे कशाला बघत होतास? कायद्याने प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला संरक्षण दिले आहे. पण कायद्याचे संरक्षण मस्टरवर दिसत नाही. ते मस्टरवर आणणे हे युनियनचे काम आहे.

म्हणून प्रशासनाकडे आपण या मागण्या कराव्यात, असा माझा प्रस्ताव आहे.

१. मुलाबाबत माहिती देणाऱ्या कर्मचाऱ्याचा पोलीस ठाणे, बाल कल्याण समिती आणि न्यायालयातला वेळ ड्यूटी म्हणून धरावा, प्रवासभत्ता द्यावा.

२. मुलांबाबतची कार्यपद्धती मराठी, कन्नड, हिंदी अशा कामगाराच्या भाषेत एका पानावर छापून द्यावी, आणि हमाल, फेरीवाले, ठेकेदारी कामगार, आर.एम.एस. कर्मचारी या सर्वांना कामाच्या वेळात प्रशिक्षण द्यावे.

३. दर वर्षी स्टेशनची तपासणी बाहेरच्या पथकाने करावी, पूर्वसूचना न देता, रात्रीही. त्या पथकात मुलांत काम करणारी संस्था, एक महिला आणि कामगार प्रतिनिधी असावा.

४. सोडवलेल्या मुलांचे सहा महिन्यांनी काय झाले, हा हिशेब नावे गुप्त ठेवून जाहीर करावा.

५. तपासणीत काय चुकलेले सापडले आणि किती दिवसांत दुरुस्त केले, हे नोटीस बोर्डावर लावावे. खालच्या कामगाराला चार्जशीट देऊन वरच्याने हात धुऊ नयेत.

आणि स्वतःसाठी प्रत्येक शाखेने हे पाच प्रश्न पुढच्या कार्यकारिणीत घ्यावेत. शाखेच्या किंवा इन्स्टिट्यूटच्या कार्यक्रमात मुलांची जबाबदारी कुणावर होती, आणि त्याची पडताळणी झाली होती का? मुलाने तक्रार करायची तर कुणाकडे, आणि त्या व्यक्तीविरुद्धच तक्रार असेल तर कुणाकडे? गेल्या वर्षात एकही तक्रार आली नसेल, तर ती नव्हती म्हणून, की सांगायला जागा नव्हती म्हणून? मुलांना आणि त्यांच्या आयांना आपण शेवटचे कधी विचारले? आणि मागच्या वेळी जे चुकलेले दिसले ते दुरुस्त झाले का?

तिसरा प्रश्न नीट वाचा. 'आमच्याकडे एकही तक्रार नाही' असे अभिमानाने सांगणारा पदाधिकारी मला जास्त काळजीत टाकतो. ज्या सेक्शनमध्ये वर्षभर एकही दोष नोंदवला जात नाही, तिथला रूळ उत्तम असतो असे नव्हे. तिथे गस्त होत नाही, असे जुना गँगमन सांगेल. ज्या संस्थेत मुले बोलतात, तक्रारी येतात आणि मिटवल्या न जाता निकाली निघतात, ती संस्था सुरक्षित.

उत्तरे लिहिताना ज्याच्यावर अत्याचार झाला असा संशय असेल त्या मुलाचे नाव, पत्ता, शाळा कुठेही येऊ देऊ नका. ते कायद्याने मना आहे आणि माणुसकीनेही. चौकशी आपण करायची नाही, मुलाला दहादा तेच सांगायला लावायचे नाही. १०९८ किंवा ११२ ला कळवायचे आणि मूल सुरक्षित हाती जाईपर्यंत त्याच्याजवळ थांबायचे.

साथींनो, आपली चळवळ उभी राहिली ती ज्याला कुणी विचारत नाही त्याच्या बाजूने उभे राहण्यासाठी. गँगमनला कुणी विचारत नव्हते, खलाशाला कुणी विचारत नव्हते, गावच्या डाकसेवकाला अजून पुरते कुणी विचारत नाही. मुलाला तर संघटना नाही, मत नाही, वर्गणीची पावती नाही, मोर्चा नाही. जो आपली बाजू मांडू शकत नाही त्याची बाजू मांडण्याइतकी ताकद ज्या संघटनेत उरली नाही, ती वेतन आयोगापुढे तरी काय मांडणार?

भिंतीला चुना पुष्कळ लागला. आता झाकणे उघडा आणि आत बघा. सुरुवात आपल्या शाखेपासून करा.

कामगार एकजुटीचा विजय असो!

— शाखा सचिव, के. आर. पुरम, बंगळूर